लाल टोप्यांचा तो मेळावा

प्रश्न : फेब्रुवारीत लेकीकडे मेरीलँडला होते. पोटोमॅक नदीकाठी नॅशनल हार्बरला फिरायला गेलो, तर तिथल्या भल्यामोठ्या हॉटेलात ही गर्दी! लाल टोप्या घातलेली कॉलेजची मुले, सुटाबुटातले म्हातारे, एक जण तर जुन्या काळच्या सैनिकासारखी तिकोनी टोपी घालून आलेला. जावई म्हणाले, ‘सीपॅक आहे’. हे रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन असते का? उमेदवार तिथे ठरतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, पण तुम्हाला तसे वाटले यात नवल नाही. रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन चार वर्षांतून एकदा भरते आणि उमेदवारीवर शिक्कामोर्तब तिथे होते. सीपॅक दरवर्षी भरते आणि ते पक्षाचे नाही. ते भरवते अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह युनियन ही संघटना. तिकीट काढून कोणालाही आत जाता येते, विद्यार्थ्यांना सवलत असते. म्हणून तुम्हाला इतकी तरुण मुले दिसली.

‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला मराठीत काय म्हणायचे, इथेच आपली पंचाईत होते. ब्रिटनच्या पक्षाला आपल्या वर्तमानपत्रांनी ‘हुजूर पक्ष’ असे झकास नाव दिले, पण ते अमेरिकेला लागू पडत नाही. ‘पुराणमतवादी’ म्हटले की सोवळेओवळे पाळणारे आजोबा डोळ्यांसमोर येतात. या मंडळींचे मूळ म्हणणे वेगळे होते : कर कमी करा, सरकार लहान ठेवा, व्यापार मोकळा सोडा, कम्युनिस्टांपुढे नमू नका, कुटुंब आणि चर्च जपा. यातले पहिले तीन मुद्दे तर आपल्याकडच्या उदारमतवाद्यांच्या तोंडी शोभतील. त्यामुळे मी ‘उजवे’ एवढेच म्हणतो.

1964 मध्ये या उजव्यांचे लाडके बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि 50 पैकी फक्त 6 राज्ये जिंकू शकले. त्या पराभवानंतर काही आठवड्यांतच ही युनियन स्थापन झाली. स्वतःच्याच पक्षात अल्पमतात असलेल्या कार्यकर्त्यांनी आपली वेगळी चूल मांडली, पण घर सोडले नाही. या मेळाव्याचे सगळे मर्म मला त्यात दिसते. पक्षाबाहेर उभे राहून पक्षाला आपल्या बाजूला ओढायचे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने केले.

पहिला मेळावा जानेवारी 1974 मध्ये वॉशिंग्टनला झाला. वॉटरगेट घोटाळ्याचे दिवस होते, रिपब्लिकन कार्यकर्ता मान खाली घालून चालत होता. मुख्य वक्ते होते कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन. त्यांनी आपल्याबरोबर व्हिएतनामच्या कैदेतून सुटून आलेल्या तीन अधिकाऱ्यांना आणले आणि सभेला त्यांची ओळख करून दिली. त्यांपैकी एक जॉन मॅकेन. साडेपाच वर्षांचा तुरुंगवास आणि छळ सोसून आलेला नौदलाचा वैमानिक. हे नाव लक्षात ठेवा.

पुढच्याच वर्षी रेगन यांनी याच व्यासपीठावरून पक्षाला बजावले, की फिकट रंगांचे निशाण नको, ठळक रंगांचे हवे. 1976 मध्ये त्यांनी स्वपक्षाच्याच राष्ट्राध्यक्षाला, फोर्ड यांना, आव्हान दिले आणि ते हरले. पण 1980 मध्ये जिंकले. मार्च 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून ते इथल्या भोजनसमारंभात बोलले, तेव्हा त्यांनी हायेक, मिझेस, फ्रीडमन, रसेल कर्क या लेखकांची नावे घेऊन त्यांचे ऋण मानले. विजयाच्या मेजवानीत पुढाऱ्याने पुस्तके लिहिणाऱ्यांची आठवण काढावी, हे मला फार मोलाचे वाटते.

आता उमेदवाराचे. मेळाव्यात आलेल्यांचा कौल घेतला जातो, तुमचा आवडता उमेदवार कोण म्हणून. वर्तमानपत्रे तो ठळक छापतात, पण त्यावरून भाकीत करायला जाऊ नये. 2010 आणि 2011 मध्ये हा कौल रॉन पॉल यांनी जिंकला, 2013 पासून सलग तीन वर्षे त्यांचे चिरंजीव रँड पॉल यांनी. उमेदवारी दोघांनाही मिळाली नाही. 2015 च्या कौलात डोनाल्ड ट्रम्प यांना जेमतेम साडेतीन टक्के मते होती, आणि पुढच्याच वर्षी ते पक्षाचे उमेदवार झाले! हा कौल खोलीतल्या माणसांचा असतो. कोणाच्या समर्थकांनी जास्त तिकिटे काढली, एवढेच त्यातून नक्की कळते.

ट्रम्प इथे पहिल्यांदा बोलले 2011 मध्ये. 2016 मध्ये ऐन वेळी येणे रद्द केले, कारण तिथे त्यांना विरोध करणारे पुष्कळ होते. 2017 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष म्हणून आले. त्यांच्या सल्लागार केलीअ‍ॅन कॉनवे आदल्या दिवशी व्यासपीठावर म्हणाल्या, की उद्यापर्यंत हे ‘टीपॅक’ होईल. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’च्या ‘सी’ऐवजी ट्रम्प यांच्या नावातला ‘टी’. त्या हसत म्हणाल्या असतील, पण झाले तसेच. मोकळ्या व्यापाराचे गोडवे गायलेल्या सभेत आयातशुल्काला टाळ्या पडू लागल्या. जे व्यासपीठ नेत्याला विचारांकडे ओढण्यासाठी उभारले होते, ते नेता जाईल तिकडे विचार नेऊ लागले. कार्यकर्ता कोणत्याही रंगाच्या झेंड्याचा असो, ज्याने आयुष्यात कधी सतरंज्या उचलल्या आहेत त्याला हे पाहून वाईट वाटेल, असे मला वाटते.

मेळाव्याचे रोपही आता दूरदूर लागले आहे. जपान, ऑस्ट्रेलिया, ब्राझील इथे ते भरले. 2022 मध्ये बुडापेस्टला भरले, तेव्हा हंगेरीचे पंतप्रधान ऑर्बान स्वतः बोलले.

आणि मॅकेन? 2008 च्या फेब्रुवारीत त्यांची उमेदवारी जवळजवळ पक्की झाली होती. मिट रॉम्नी यांनी शर्यतीतून माघार जाहीर केली ती सीपॅकमध्येच, आणि त्याच दिवशी मॅकेनही तिथे बोलले. स्थलांतराचा विषय निघताच श्रोत्यांतून हुर्यो उठली. ते थांबले, आणि मग पुढे बोलत राहिले. 2018 मध्ये, ते कर्करोगाशी झुंजत ॲरिझोनात असताना, ट्रम्प यांनी सीपॅकमध्ये त्यांचे नाव न घेता आरोग्यविम्याच्या विधेयकाविरुद्ध त्यांनी दिलेल्या मताचा विषय काढला. सभागृहाने पुन्हा हुर्यो केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅकेन गेले. 1974 मध्ये रेगन यांनी ओळख करून दिली, तेव्हा ते 37 वर्षांचे होते.