मनी ताटलीकडे पाठ का फिरवते?

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी हा प्रसंग एकदा तरी पाहिला असेल. आई बाजारातून बांगडे आणते. त्यांतला थोडा भाग उकडून, काटे काढून मनीपुढे ठेवला जातो. पहिल्या दिवशी ताटली चाटूनपुसून स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही तसेच. चौथ्या दिवशी मात्र मनी येते, नाक ताटलीजवळ नेते, दोनदा हुंगते आणि पुढच्या पंजाने भोवतालची फरशी खरवडू लागते. जणू माती ओढून ते सारे पुरूनच टाकायचे आहे! मग शेपूट उंच करून ती चालती होते. घरातले कोणीतरी म्हणते, "फार लाडावली आहे. राहू दे उपाशी, भूक लागली की येईल मुकाट्याने."

लाडाचा भाग थोडाफार असेलही. पण मनीच्या या नखऱ्यांमागे तिच्या नाकाची, जिभेची आणि पोटातल्या रसायनशास्त्राची कारणे आहेत. ती समजली तर तिच्या जेवणात पालट कसा करायचा हे आपले आपल्यालाच सुचू लागते. आणि तो "उपाशी राहू दे" हा सल्ला किती धोक्याचा आहे, तेही कळते. त्याकडे आपण पुढे येऊच.

प्रथम जीभ पाहू. माणसाच्या जिभेवर काही हजार रुचिकलिका असतात. मांजराच्या जिभेवर त्या जेमतेम ४७० च्या आसपास. शिवाय गोड चव मांजराला लागतच नाही! गोडाची जाणीव करून देणारा जो ग्राहक जिभेवर असतो, तो दोन प्रथिनांचा मिळून बनतो. त्यांपैकी एक प्रथिन तयार करणारे जनुक मांजरात बिघडलेले आहे, असे अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले. वाघ आणि चित्ता यांच्यातही हाच बिघाड त्यांना आढळला. तेव्हा तुमची मनी श्रीखंडाच्या वाटीत तोंड घालते ती साखरेसाठी नव्हे. तिला हवा असतो त्यातला स्निग्धांश.

मग तिला आवडते तरी काय? मांसात आणि माशात जी एक खमंग, भरीव चव असते, ती. ही चव काही अमिनो आम्ले आणि पेशींतील न्यूक्लिओटाइड नावाची द्रव्ये एकत्र आली की उत्पन्न होते. इंग्लंडमधील वॉल्थम संस्थेच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की मांजराच्या जिभेवर या चवीचा ग्राहक शाबूत आहे आणि ट्यूना म्हणजे कुपा माशात सापडणारे द्रव्यांचे मिश्रण त्याला विशेष भावते. आपल्या कोळीवाड्यातल्या मांजरांना हे सांगायला कोणाची गरज नव्हती म्हणा!

पण जिभेच्याही आधी पहारा असतो नाकाचा. मांजर अन्न आधी वासाने पारखते, चव त्यानंतरची. सर्दीने नाक चोंदलेले मांजर ताजे मटणही खात नाही. वास म्हणजे अन्नातून उडून हवेत मिसळणारे रेणू. अन्न थंड असले तर हे रेणू कमी उडतात. फ्रिजमधून काढलेला मासा मनीच्या दृष्टीने जवळजवळ मुका असतो. तोच ३७-३८ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे मनगटावर टाकून पाहिला तर ना गार ना गरम असा कोमट केला, की बोलू लागतो. हेच तपमान का? तर नुकत्याच पकडलेल्या उंदराचे तेच तपमान असते!

हा उंदीर जरा नीट पाहिला पाहिजे, कारण मांजराच्या जेवणाचे माप तोच आहे. एका लहान घरगुती उंदरापासून सुमारे ३० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. भागाकार करा. सात-आठ उंदीर झाले. म्हणजे मांजराची निसर्गतः रीत दिवसात बऱ्याच वेळा थोडे थोडे खाण्याची आहे. आपण सकाळी एकदा वाडगाभर वाढतो, ते तासाभरात गार होते, सुकते, त्याचा वास बदलतो आणि मग "खात नाही" म्हणून तिच्यावर चिडतो.

शिवाय उंदीर सबंध खाल्ला जातो. त्यात स्नायू असतात, यकृत असते, हृदय असते, हाडे असतात आणि निम्म्याहून अधिक पाणी असते. पिष्टमय पदार्थ जवळजवळ नसतातच. कुत्रा आणि माणूस हे मिश्राहारी. मांजर मात्र पक्के मांसाहारी. पिढ्यान्‌पिढ्या सारे काही शिकारीतून आयते मिळत गेल्यामुळे काही आवश्यक द्रव्ये स्वतः बनवण्याची क्षमता तिच्या शरीरात उरलेली नाही.

त्यांपैकी एक टॉरिन. त्याचा शोध लागण्याची हकिगत आपल्या दूध-भाताशी जोडलेली आहे. अमेरिकेत के. सी. हेज आणि त्यांचे सहकारी काही मांजरांना प्रथिन म्हणून फक्त केसीन, म्हणजे दुधातले मुख्य प्रथिन देत होते. या मांजरांचा दृष्टिपटल हळूहळू निकामी होत गेला. कारण शोधता शोधता ध्यानात आले, की त्यांच्या रक्तातले टॉरिन फार घटले आहे. हे १९७५ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट उघडकीस आणली. हृदयाचे स्नायू पातळ व दुबळे होऊन कितीतरी मांजरे मरत होती, तीही टॉरिनच्या अभावानेच. आणि त्यांतली काही तर बाजारातले तयार खाद्य खाणारी होती! टॉरिन देताच पुष्कळ मांजरांची हृदये सुधारली. त्यानंतर तयार खाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले.

दुसरे जीवनसत्त्व अ. आपण गाजर खातो आणि त्यातल्या कॅरोटिनपासून आपले शरीर हे जीवनसत्त्व तयार करते. मांजराला ते साधत नाही. तिला ते प्राणिज अन्नातूनच तयार मिळावे लागते. म्हणून मनीच्या जेवणात गाजर किसून घातले तर रंग येईल, एवढेच.

दूध-भातावर वाढलेली मांजरे आपण पाहिली आहेत आणि ती जगलीही, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण ती रात्री कोठीत आणि परसात काय काय पकडून खात होती, याचा हिशेब घरात कोणी ठेवत नसे. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत कोंडलेल्या मांजराला ती सोय नाही. तिच्या ताटलीत जे नाही ते तिला मिळतच नाही. त्यातून मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातली शर्करा पचत नाही आणि हगवण लागते, ते वेगळेच.

आवडीच्या मागे लागले की काय होते, याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडले. आमच्या शेजारच्या काकूंकडे चिमी नावाची मांजर होती. ती कशालाच तोंड लावीना. एके दिवशी कोंबडीची कलेजी दिली, ती तिने फस्त केली. कलेजी स्वस्त, शिजवायला सोपी, चिमी खूश आणि काकूही खूश! दोन-अडीच वर्षे रोज दोन्ही वेळा कलेजी चालली. मग चिमीने पाठ चाटणे सोडले. केस गुंतू लागले. मान वळवून मागे बघेना, उचलायला गेले की ओरडे. पशुवैद्यांनी क्ष-किरण चित्र काढले, तर मानेच्या मणक्यांवर नवे हाड वाढून ते एकमेकांना जोडले गेले होते. जीवनसत्त्व अ शरीरात साठून राहते. त्याचा अतिरेक झाला की मांजरांत नेमके हेच होते. कलेजी बंद केल्यावर चिमीच्या वेदना कमी झाल्या, पण सांधलेली मान मोकळी झाली नाही. काकू आता रोज तिची पाठ विंचरून देतात.

तेव्हा पालट हवा तो केवळ मनीचे नाक राखण्यासाठी नव्हे. एकाच पदार्थात काहीतरी जास्त असते आणि काहीतरी कमी. कलेजीत जीवनसत्त्व अ फार. नुसत्या बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे. अशा मांसावरच वाढणाऱ्या पिलांची हाडे ठिसूळ होतात. काही जातींच्या कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे विकर असते. शिजवल्याने ते निष्प्रभ होते. तेलकट मासे रोजच्या रोज दिले आणि ई जीवनसत्त्व कमी पडले, तर शरीरातली चरबी पिवळी पडून दुखू लागते.

मग वाढायचे काय? घरच्या जेवणाचा पाया कोंबडीच्या तंगडीचे मांस असू द्या. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा या गडद मांसात टॉरिन कितीतरी पट असते. कोंबडीचे हृदयही टॉरिनने समृद्ध. मात्र दुकानात ते वेगळे मागावे लागते, 'कलेजी' म्हटले तर यकृत मिळेल. यकृत एकूण मांसाच्या विसाव्या हिश्शाहून जास्त नको. आठवड्यातून एक-दोनदा मासा: बांगडा, तारली, मांदेली, जे ताजे व स्वस्त असेल ते, उकडून आणि काटे काढून. अधूनमधून उकडलेले अंडे. त्याचे टरफल टाकू नका. ते उकळून, वाळवून, अगदी बारीक कुटा. अर्धा किलो शिजवायच्या मांसाला या पुडीचा सपाट अर्धा चहाचा चमचा घातला की कॅल्शियमची सोय झाली. आणि ज्या पाण्यात मांस शिजवले ते ओतून देऊ नका, कारण टॉरिन पाण्यात विरघळते. तेच पाणी कोमट करून ताटलीत घाला. वासही वाढतो आणि मनीच्या पोटात पाणीही जाते.

पालट आणखी एका मार्गाने करता येतो. तेच मांस एक दिवस खिमा करून, एक दिवस बोटाएवढे तुकडे करून, एक दिवस रसात भिजवून द्या. आपल्याला वाटते हे तर तेच. मांजराला तोंडात त्याचा स्पर्श कसा लागतो हे महत्त्वाचे असते. सुकट भाजून तिची पूड करून वर चिमूटभर भुरभुरली तर रुसलेली मांजरेही परत येतात, पण ती खारवलेली नसावी.

कांदा आणि लसूण मात्र कोणत्याही रूपात नको. त्यांतल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. म्हणजे आपल्या कालवणाचा उरलेला रस्सा, जो आपण मोठ्या प्रेमाने तिच्या भातावर ओततो, तोच तिला सर्वांत वाईट! शिजवलेली हाडेही देऊ नयेत. त्यांच्या चिरफळ्या होतात.

एवढे करूनही घरचे जेवण परिपूर्ण होतेच, असे नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत मांजरांसाठीच्या ११४ घरगुती पाककृती तपासल्या. सर्व आवश्यक द्रव्ये पुरेशी देणारी त्यांत एकही निघाली नाही. म्हणून पूर्णपणे घरचेच द्यायचे असेल, तर टॉरिन आणि जीवनसत्त्वांची कोणती पुडी किती घालायची हे पशुवैद्यांना विचारून ठरवावे. सोपा मार्ग असा, की मांजरांसाठी बनवलेला पूर्ण आहार पायाला ठेवावा आणि घरचे पदार्थ दहाव्या हिश्शापुरते पालटासाठी द्यावेत. ज्या घरात मांस शिजत नाही त्यांनाही हाच मार्ग सोयीचा. मांजराला वरण-भातावर ठेवणे हा काही पर्याय नव्हे.

नवा पदार्थ एकदम पुढे करू नका. पिलू आईपाशी असताना जे चाखते तेच त्याला पुढे 'अन्न' वाटते. एकाच चवीवर वाढलेले मांजर मोठेपणी अनोळखी वासाला बिचकते. उलट रोज तेच खाऊन कंटाळणारी मांजरेही आहेत. आणि एखादा पदार्थ खाल्ल्यावर मांजराला उलटी झाली, तर त्याचा तो वास मनात बसतो व पुढे ते त्याला शिवत नाही. म्हणून ओळखीच्या नऊ भागांत नवा एक भाग मिसळा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या.

आता त्या उपाशी ठेवण्याविषयी. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, काही दिवस काहीच खाल्ले नाही तर अंगातली चरबी रक्तावाटे यकृतात येऊन साठते आणि यकृत बंद पडू लागते. याने मांजर दगावते. म्हणून मनीने पूर्ण एक दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर तिला नखरा न समजता पशुवैद्यांकडे न्या.

हे सारे वाचून झाले, की एक प्रयोग करून पाहा. दोन सारख्या ताटल्या घ्या. दोन्हींत तेच अन्न, वजन करून २५-२५ ग्रॅम. एक ताटली फ्रिजमधली गार, दुसरी कोमट पाण्याच्या भांड्यात धरून कोमट केलेली. दोन्ही एका हाताच्या अंतरावर, रोज त्याच वेळी ठेवा. मनी आधी काय हुंगते, आधी काय खाते ते लिहा आणि दहा मिनिटांनी उरलेले तोला. कोमट ताटली एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे ठेवायला विसरू नका, कारण काही मांजरांना एका बाजूची सवयच असते. असे दहा दिवस करा. नाणे दहा वेळा उडवून नऊ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता १०२४ त ११ असते. ती कशी आली हे गणिताच्या शिक्षकांना विचारा, म्हणजे तुमच्या मनीने दिलेला कौल योगायोग आहे की आवड, हे ठरवता येईल. पुढच्या दहा दिवसांत तपमान तेच ठेवून खिमा आणि तुकडे यांची स्पर्धा लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आमच्याकडे कोमट ताटली दहापैकी आठ दिवस जिंकली. उरलेल्या दोन दिवशी शेजारचा बोका खिडकीत येऊन बसला होता आणि आमच्या मनीने दोन्ही ताटल्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. तेही वहीत तारखेसह लिहिले आहे.