माहितीप्रणालीची ओळख : कॉटन ग्रीनचा कापूस बाजार आणि वैद्यांचा केसपेपर

‘माहितीप्रणाली’ हा शब्द उच्चारताच आपल्या वैद्यवर्गातील बहुतेकांच्या डोळ्यांसमोर संगणक उभा राहतो. मग संगणक कोणता घ्यावा, सॉफ्टवेअर कोणाचे घ्यावे, त्याला वार्षिक खर्च किती येतो, एवढ्यावरच चर्चा संपते. वस्तुतः संगणक हा या विषयाचा एक अंश आहे आणि तोही त्यातल्या त्यात सोपा. व्यवसायात जे घडते त्याची नोंद कोण करतो, कोणत्या शब्दांत करतो, ती नोंद पुढे कोणाकडे जाते आणि तिच्या आधारे निर्णय कोण घेतो, या सर्व साखळीस माहितीप्रणाली म्हणतात. ती रोजमेळ व खतावणीवरही चालते. आम्ही बी.ए.एम.एस. करीत असताना हा विषय स्वतंत्रपणे शिकलो नाही. परंतु स्वतःचा दवाखाना व औषधीभांडार चालविणाऱ्या प्रत्येक वैद्याला त्याची गरज पडते, म्हणून त्याचा अल्प परिचय येथे करून देत आहोत.

या शास्त्राचा पहिला भेद नोंद व माहिती यांमधला आहे. वैद्यांना तो समजावून सांगण्याची फारशी आवश्यकता नाही. ज्वर, अंगमर्द, अरुचि ही सुटी लक्षणे म्हणजे नोंदी. त्यांची परस्परांशी, काळाशी, देशाशी व रुग्णाच्या प्रकृतीशी सांगड घातली म्हणजे निदान होते, आणि ती माहिती. नोंदी कितीही साठविल्या तरी सांगड घालण्याची व्यवस्था नसेल तर त्या कपाटातील कागद होऊन राहतात.

मुंबईत या विषयावर लिहावयाचे म्हणजे डबेवाल्यांचे उदाहरण द्यावयाचे असा प्रघात पडला आहे. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने आम्ही ते टाळतो आणि त्याहून जुने, आमच्या परिसरातील उदाहरण घेतो.

हिरवळीवरचा कापूस

हार्बर मार्गावर रे रोड व शिवडी यांच्यामध्ये कॉटन ग्रीन हे स्थानक आहे. येथे हिरवळ कोठेच नाही, मग हे नाव कसे, असा प्रश्न नव्याने येणारा हमखास विचारतो. पूर्वी कापसाच्या गाठी किल्ल्यातील ‘बॉम्बे ग्रीन’ या मोकळ्या मैदानावर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, रचून ठेवीत. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्यास गेला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोर्ट ट्रस्टने शिवडीकडील भराव टाकलेल्या जमिनीवर बांधलेल्या गोदामांत आला. मैदान मागे राहिले, नाव मात्र गाठींबरोबर आले. स्थानकासमोरील कापूस बाजाराची इमारत त्याच काळातील आहे.

कापसाच्या व्यापारात मालापेक्षा बातमीचे मोल किती, हे मुंबईस अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कळले. अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसावर अवलंबून राहिल्या आणि मुंबईचा भाव लिव्हरपूलच्या बातमीवर हलू लागला. ही बातमी आगबोटीने येत असे. प्रेमचंद रायचंद हे शेठ आपली माणसे होड्यांतून बंदराबाहेर पाठवून येणाऱ्या बोटीवरील बातमी इतरांच्या आधी मिळवीत, असे त्या काळाच्या वर्णनांत आढळते. काही तासांचे हे अंतर म्हणजेच नफा होता.

तथापि याच प्रसंगातून उलट बाजूही दिसते. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आल्याची वार्ता फुटली, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ या मुदतीच्या सौद्यांच्या दिवशी अनेक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद शेठही त्यातून सुटले नाहीत. लिव्हरपूलचा भाव सर्वांना ठाऊक होता. परंतु ज्या नव्या कंपन्यांचे भाग घेतले जात होते त्यांच्याजवळ प्रत्यक्षात काय आहे याची विश्वसनीय नोंद सर्वांसमोर नव्हती. शीघ्र माहिती आणि पुरेशी माहिती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तापमापकाचा आकडा क्षणात मिळतो, ज्वराचा हेतू मिळण्यास प्रश्नपरीक्षा करावीच लागते, तसेच हे आहे.

१८७० मध्ये सुएझ, एडन, मुंबई अशी सागरी तार सुरू झाली आणि होडीचा खेळ संपला. तारेला शब्दागणिक दाम पडे, म्हणून व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांचे कोश वापरले. एका शब्दात प्रत, भाव व मुदत सामावत असे. मात्र दोन्ही टोकांना तोच कोश व तीच आवृत्ती असावी लागे. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तो आपल्याच दारात येणार आहे.

खंडी, क्विंटल आणि बोटांची परीक्षा

कापसाचे व्यवहार दीर्घकाळ निरनिराळ्या संघटनांच्या निरनिराळ्या नियमांनी चालत आणि तंटे होत. १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली व १९२२ च्या मुंबई कापूस करार कायद्याने तिला अधिकार मिळाले. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास हे तिचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. तीच संस्था आज कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया या नावाने कॉटन ग्रीन येथेच आहे व विविध जातींचे हजर भाव प्रसिद्ध करते. आमच्या मते तिचे मोठे कार्य भाव सांगणे हे नव्हे, तर ‘या प्रतीचा कापूस’ म्हणजे नेमके काय हे ठरविणे हे आहे. त्यासाठी प्रमाण नमुने ठेवले जात आणि तक्रार झाल्यास जाणकार नमुना पाहून निवाडा देत. शब्दाचा अर्थ आधी निश्चित झाला, म्हणून त्यापुढील आकड्याला अर्थ आला.

एकक न पाहता आकडा वाचला तर काय होते, ते येथेच पाहता येईल. हजर भाव आजही खंडीवर सांगतात. एक खंडी म्हणजे ७८४ पौंड, सुमारे ३५६ किलो, आणि तीही सरकी काढलेल्या रुईची. विदर्भातला शेतकरी विकतो तो सरकीसह कापूस, क्विंटलवर. शंभर किलो कापसातून ढोबळ मानाने ३४ किलो रुई निघते असे धरले, तर एका खंडीस सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. खंडीच्या भावातून जिनिंगचा, गाठी बांधण्याचा व वाहतुकीचा खर्च वजा करावा, सरकीची किंमत मिळवावी आणि साडेदहाने भागावे; मग यवतमाळच्या शेतकऱ्याला मुंबईच्या भावाशी आपला भाव ताडून पाहता येतो. मुंबईचा आकडा त्याच्या वर्तमानपत्रात पूर्वीही छापून येई, पण हे गणित व्यापाऱ्याच्या वहीत होते, त्याच्या नव्हते. माहितीप्रणालीचा लाभ कोणाला होतो, याचे उत्तर पुष्कळदा ही मधली क्रिया कोणाच्या हातात आहे यावर अवलंबून असते.

वैद्यांस विशेष रुचेल अशी एक गोष्ट. कापसाचा जाणकार तंतूंचा झुपका अंगठा व तर्जनी यांत धरून पुनःपुन्हा ओढतो, समांतर करतो आणि लांबी सांगतो. रंग डोळ्यांनी, मृदुता स्पर्शाने. दर्शन आणि स्पर्शन येथेही आहेतच. आता हेच काम एचव्हीआय नावाचे यंत्र करते. तंतूची लांबी मिलिमीटरमध्ये, बळ, मायक्रोनेअर, रंग व कचरा हे सर्व थोड्याच वेळात छापून मिळते. गिरणीला आज हे आकडे लागतात. यंत्र आल्याने बोटांची परीक्षा खोटी ठरली नाही; परंतु ती दूर बसलेल्या खरेदीदारास पाठविता येत नव्हती, यंत्राचा आकडा पाठविता येतो. नाडीपरीक्षेविषयी आपल्याकडे जो वाद नेहमी चालतो त्यात ही बाजू क्वचितच मांडली जाते.

आकडा सुटा झाला की काय होते याचेही उदाहरण याच बाजाराने दिले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व बंद भाव मुंबईस येत आणि त्यांतील अंकांवर लोक पैसे लावीत. लालबाग-परळच्या चाळींत ज्याला ‘आकडा’ म्हणत तो हाच. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कचे भाव येणे थांबले, तरी खेळ थांबला नाही. प्रथम काल्पनिक भाव काढले, मग मडक्यातून अंक काढू लागले. कापूस गेला, अंक उरला. ज्या रुग्णालयात ‘आज किती बाह्यरुग्ण’ एवढा एकच अंक दररोज वर पाठविला जातो, तेथेही फार वेगळे घडत नाही, असे आम्हांस कधीकधी वाटते.

केसपेपरवर काय नसते

आता आपल्या दवाखान्याकडे वळू. औषधीभांडाराचा भाग सोपा असल्याने थोडक्यात सांगतो. प्रत्येक विक्रीची नोंद हा पहिला थर. त्यावरून कोणते चूर्ण किती दिवसांत संपते, कोणत्या बॅचची मुदत जवळ आली, हे कळणे दुसरा थर. पुढील वर्षाऋतूत कोणत्या औषधाची मागणी वाढेल व किती भांडवल त्यात घालावे, हा तिसरा. बहुतेक दुकानांत पहिला थर उत्तम असतो आणि दुसरा दुकानदाराच्या डोक्यात असतो. तो गावी गेला की प्रणाली बंद पडते.

केसपेपरचा विषय अधिक गंभीर आहे. या परिसरात पूर्वी गिरण्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्या क्रमाने बंद होत गेल्या. तेव्हाचे तरुण कामगार आता सत्तरीच्या आसपास वा पुढे आहेत आणि कास, श्वास, उरोग्रह या तक्रारी घेऊन आपल्याकडे येतात. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त’ एवढेच लिहिलेले असते. तो कार्डिंग खात्यात होता की साचेखात्यात, किती वर्षे होता, हे त्यात नसते. रज व धूम हे श्वासाच्या हेतूंत सांगितलेलेच आहेत. मग हेतूचा रकाना रिकामा का असावा?

कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या व्याधीचे एक वैशिष्ट्य आहे. आरंभी छातीतील जखडलेपणा साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी जाणवतो व पुढील दिवसांत उतरतो. काही वर्षांनी तो आठवडाभर राहू लागतो. कापसाच्या कचऱ्यातील जिवाणूंचे अंतर्विष हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. सुट्टीने उपशय आणि कामाने अनुपशय, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. जिनिंग वा सूतकताईत आजही काम करणारा रुग्ण समोर असेल आणि वैद्याने ‘कोणत्या वारी अधिक होते’ हे विचारून लिहिले, तर निदानाची वाट उघडते. न लिहिल्यास तो सामान्य तमकश्वासाचा रुग्ण म्हणून वर्षानुवर्षे औषध घेत राहतो. कापूस, अंबाडी आदींच्या धुळीचे हे फुप्फुसविकार १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत समाविष्ट होते. म्हणजे तो वार व ते खाते यांची जुनी, तारखेसह केलेली नोंद रुग्णाच्या हक्काचा पुरावा ठरू शकते. दहा वर्षांनी ती आठवणीतून तयार करता येत नाही.

शब्द निश्चित करण्याचे जे काम कापूस बाजाराने प्रमाण नमुन्यांनी केले, ते आपल्या क्षेत्रात आता होत आहे. २०१७ मध्ये आयुष मंत्रालयाने ‘नमस्ते’ पोर्टल सुरू केले व त्यात आयुर्वेदीय व्याधींना प्रमाण संज्ञा व संकेतांक दिले. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी–११ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधिसंज्ञांचा विभाग प्रसिद्ध केला. आमवात हा शब्द नाशिकच्या वैद्याने एका अर्थाने व कोल्हापूरच्या वैद्याने दुसऱ्या अर्थाने लिहिला तर दोघांचे रुग्ण एकत्र मोजता येत नाहीत. तारेच्या कोशाची जी अट, तीच येथे. काही ज्येष्ठ वैद्यांचा आक्षेप असा की, संप्राप्तीची सूक्ष्मता संकेतांकात मावत नाही. तो खराच आहे. म्हणून संकेतांकाखाली आपल्या शब्दांतील दोन ओळी लिहिण्याची जागा केसपेपरवर अवश्य ठेवावी. परंतु संकेतांक लिहिणेच टाळले, तर आपल्या चिकित्सेचे फलित मोजण्याचे काम आपल्याबाहेरचे लोक त्यांच्या शब्दांत करतील, आणि खंडीच्या गणितात शेतकऱ्याचे जे झाले ते आपले होईल.

प्रत्यक्षात आरंभ कसा करावा, याविषयी आम्ही परिचितांना सांगतो ते असे. संगणक घेण्यापूर्वी तीन महिने कागदावरच नवा केसपेपर वापरून पाहावा. त्यात आजचे काम, पूर्वीचे काम व वर्षे, लक्षण वाढण्याचा वार व प्रहर, व्याधीची प्रमाण संज्ञा, आणि पुढील भेटीत उपशय झाला की नाही, एवढे रकाने पुरेत. जो रकाना तीन महिन्यांत कोणी भरलाच नाही तो काढून टाकावा. तो संगणकातही रिकामाच राहील. महिनाअखेरीस एका व्याधीचे सर्व कागद वेगळे काढून एकत्र वाचावेत. यास दोन तास लागतात. यानंतरच सॉफ्टवेअर पाहावे, आणि विक्रेत्यास पहिला प्रश्न विचारावा की, उद्या आम्ही तुमचे सॉफ्टवेअर सोडले तर आमच्या नोंदी आम्हांस वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील काय.

रुग्णाचे नाव व व्याधी या दोन गोष्टी एकत्र बाहेर जाऊ देऊ नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने यास कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. पण गुप्तता हा वैद्याचा धर्म त्यापूर्वीचाच आहे. अभ्यासासाठी कागद दुसऱ्या वैद्यास दाखवावयाचा झाल्यास नाव व पत्ता झाकून केवळ अनुक्रमांक ठेवावा, आणि अनुक्रमांक व नावे यांची वही निराळ्या कपाटात, कुलपात ठेवावी.