इंजिन वर घ्या, पण नजर पाण्याच्या धारेवर ठेवा

टेक्सासमधली लागुना माद्रे ही खाडी मैलोन्‌मैल उथळ आहे. बऱ्याच ठिकाणी कमरेएवढंही पाणी नसतं. ह्यूस्टनचे आम्ही काही मराठी मित्र तिथे मासेमारीला जातो. अशा पाण्यात विजेवर चालणारी जॅक प्लेट फार कामाची. बोटीची मागची फळी आणि इंजिन यांच्यामध्ये बसवलेली ही चौकट बटण दाबताच इंजिन सरळ वर-खाली नेते. टिल्टसारखं ते तिरकं होत नाही, त्यामुळे पंखा जमिनीपासून वर राहतो आणि वेगही टिकतो.

एकदा पॅड्रे बेटाच्या आतल्या बाजूला बोट वेगात होती. उथळ भाग जवळ आला म्हणून मी इंजिन थोडं वर घेतलं. बटण सोडलं, तरी प्लेटच्या मोटरची घरघर थांबेना. इंजिन चढतच राहिलं. आवाज चिरका झाला, आरपीएम उसळले, बोट मात्र मंदावली. इंजिनातून मागे पडणारी पाण्याची धार दोऱ्याएवढी बारीक झाली आणि तुटली. मी लगेच इंजिन बंद केलं. बॅटरीचा मेन स्विच पाडला, तेव्हा कुठे प्लेट थांबली.

खाऱ्या हवेनं गंजून रिले चिकटली होती. आमच्या प्लेटची मोटर दोन वायरींची. वायरींची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. फ्यूज लावलेल्या जादा वायरी जवळ होत्या, म्हणून इंजिन खाली आणता आलं. धार पुन्हा नीट पडते आहे हे पाहून सावकाश धक्क्यावर परतलो.

इंजिन थंड ठेवणारं पाणी त्याच्या खालच्या भागातल्या छिद्रांतून आत ओढलं जातं. ती छिद्रं पाण्याबाहेर आली, की पंपाचा रबरी पंखा कोरडा घासतो आणि इंजिन तापतं. म्हणून उंचीच्या काट्यापेक्षा पाण्याच्या दाबाचा मीटर महत्त्वाचा; नसेल तर आधी बसवून घ्या.

आपल्या बोटीची मर्यादा खोल पाण्यात शोधा. थोडं थोडं वर घेत जा; दाब उतरू लागला किंवा पंख्याची पकड सुटली, की त्याच्या खालची उंची ही तुमची हद्द. लाटांत, जोराच्या वळणावर आणि रिव्हर्स घेताना इंजिन खालीच हवं. धक्क्यावर असताना प्लेट तळापासून टोकापर्यंत फिरवा, प्रत्येक उंचीला सुकाणू दोन्हीकडे वळवा, इंजिन टिल्ट करा. कुठे नळी ताणली जात नाही ना, इंजिनाचं झाकण फळीवर आपटत नाही ना, हे तिथेच कळतं. बोल्ट अधूनमधून तपासा.

किल स्विचची दोरी अंगाला अडकवा. 26 फुटांखालच्या बोटी वेगात चालवताना अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून हा कायदाच आहे. इंजिन वर घेता येतं म्हणून समुद्री गवतातून बोट दामटू नका. कोळंबी आणि माशांची पिल्लं तिथेच वाढतात, आणि पंख्यानं ते गवत मुळासकट उपटणं टेक्सासच्या किनारी पाण्यात 2013 पासून गुन्हा आहे.

हंगाम सुरू होण्याआधी रिले आणि वायरींचे जोड उघडून पाहा, मेन स्विच हाताशी येईल असा ठेवा. आणि धार थांबली, की इंजिन त्याच क्षणी बंद करा.