डासप्रतिबंधक तेल व बालक

पावसाळा लागताच 'मुलांना बाहेर खेळू द्यावे का?' हा पालकांचा प्रश्न येतो आणि पाठोपाठ 'एखादे आयुर्वेदिक तेल द्या' ही मागणी. डेंग्यू पसरविणारा एडिस डास दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी चावतो. हीच शाळेची व खेळाची वेळ. सायंकाळचे धूपन येथे अपुरे पडते. सिट्रोनेला तेल उडनशील असून त्याचा प्रभाव लवकर ओसरतो, हे पालकांना स्पष्ट सांगावे.

खरी सावधगिरी हवी ती कापराविषयी. तो त्वचेतून व श्वासावाटे शोषला जातो आणि अर्भकांत आक्षेपक उत्पन्न करू शकतो. पोटात गेल्यास अल्प मात्राही घातक ठरते. निंबतेल पोटात गेल्याने अर्भकांच्या मेंदूस व यकृतास इजा झाल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. म्हणून औषधविक्रेत्या बंधूंनी अशी तेले लेबलाविना, सुट्या बाटलीत देऊ नयेत. 'वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी' हा समज आपणच पसरविला, असे माझे मत आहे.

अर्भकास दिवसाही मच्छरदाणीतच निजवावे. मोठ्या मुलांस पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. तेव्हा पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.