मातीवाचून भाजीचा मळा

झाड माती खाऊन वाढते अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. माती झाडास उभे राहण्यास आधार देते, पाणी धरून ठेवते, मुळांस हवा पुरविते आणि पाण्यात विरघळणारे काही क्षार देते. ही चारही कामे अन्य रीतीने साधली, तर झाड मातीवाचूनही वाढू शकते. ते कसे, व आपल्या नांदेड-लातूरकडील घरांस त्याचा उपयोग काय, याचा विचार या पाठात करू.

प्रथम उपयोगाचा प्रश्न घेऊ. नांदेडास गोदावरीचा आधार आहे. लातूर शहराची भिस्त मांजरा धरणावर. ते धरण कोरडे पडले तेव्हा, २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात, मिरजेहून आगगाडीने पाणी आणून लातूरकरांची तहान भागवावी लागली. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीस १० वाघिणी होत्या व त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. अशा दिवसांत परसातील भाजीचा वाफा सर्वांआधी वाळतो, आणि ज्या घरची मिळकत बेताची, तेथील ताटातून पालेभाजी नाहीशी होते. उघड्या वाफ्यात ओतलेल्या पाण्यापैकी बरेचसे खाली झिरपते अथवा उन्हाने उडून जाते. झाकलेल्या डब्यात ही दोन्ही प्रकारची हानी जवळजवळ थांबते. पानांवाटे बाष्परूपाने जाणारे पाणी मात्र येथेही जातेच. ते झाडाच्या जीवनास अवश्य आहे.

ही विद्या आजची नव्हे. इंग्लंडातील जॉन वुडवर्ड याने १६९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पावसाच्या, नदीच्या व बागेतील माती मिसळलेल्या पाण्यात पुदिना वाढवून पाहिला. निव्वळ पावसाच्या पाण्यापेक्षा माती मिसळलेल्या पाण्यात तो अधिक जोमाने वाढला. पुढे १८६० च्या सुमारास जर्मनीत सॅक्स व नॉप या शास्त्रज्ञांनी कोणते क्षार पाण्यात घातले असता झाड पूर्ण वाढते हे दाखविले. १९३७ साली कॅलिफोर्नियातील गेरिके यांनी या शेतीस ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले. आपल्या देशात १९४६ साली कालिम्पाँग येथे शोल्टो डग्लस यांनी महाग यंत्रे वगळून खडी-वाळूच्या वाफ्यांत ही शेती करण्याचे प्रयोग आरंभिले. हवाई विद्यापीठातील क्रॅटकी यांनी तर पंप व वीज यांवाचून केवळ झाकलेल्या टाकीत भाजी वाढविण्याची रीत प्रचारात आणली. आपण घरी करावयाची कृती याच जातीची आहे.

साहित्य व मांडणी. सुमारे १२ लिटर मावतील असा खाद्यपदार्थांचा प्लास्टिकचा झाकणाचा डबा घ्यावा. रंगाचा अथवा औषधाचा डबा मुळीच घेऊ नये. डब्यास बाहेरून आधी काळा व त्यावर पांढरा रंग द्यावा. काळ्याने उजेड अडतो, म्हणून आत शेवाळ धरत नाही. पांढऱ्याने ऊन परतते. झाकणास चार भोके पाडून त्यांत तळास छिद्रे असलेले दह्याचे लहान पेले बसवावेत. पेल्यांत धुतलेली बारीक खडी किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा भरावा, आणि प्रत्येकाच्या तळातून नायलॉनच्या दोरीची एक वात खाली डब्यात सोडावी. सुती वात लवकर कुजते. समईची वात ज्याप्रमाणे तेल वर ओढते, त्याचप्रमाणे ही वात पाणी वर ओढते. यास केशाकर्षण म्हणतात. पालक, मेथी अथवा कोथिंबीर यांचे बी या पेल्यांतच पेरावे.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जागी पडलेले बी ओलावा नसल्याने वाळून गेले, हे आपण जाणतो. येथे खडी असूनही बी जगते, कारण वात त्यास ओलावा पोहोचविते.

अन्नद्रव्य. ठिबक सिंचनातून देण्याची विद्राव्य खते कृषि सेवा केंद्रात मिळतात. १० लिटर पाण्यास पुढील प्रमाण पालेभाजीस पुरेसे होते: कॅल्शियम नायट्रेट ८ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) ४ ग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट (००:५२:३४) २ ग्रॅम व मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम. शिवाय चिलेटेड लोह व सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण प्रत्येकी २ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे व त्यातील १० मिलिलिटर घालावे. प्रत्येक क्षार वेगळ्या पेल्यात विरघळवून मगच डब्यातील पाण्यात ओतावा, व कॅल्शियम नायट्रेट सर्वांत शेवटी. दाट द्रावणे एकत्र केल्यास कॅल्शियम व सल्फेट यांचा संयोग होऊन जिप्समचा पांढरा साका खाली बसतो आणि ते अन्न झाडास मिळत नाही. एक किलो कॅल्शियम नायट्रेट १२५ वेळा पुरते. यास्तव चार-पाच घरांनी मिळून खते आणली, तर खर्च कोणासही जड जाणार नाही.

आपल्याकडील विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यात लोह झाडास नीट मिळत नाही व कोवळी पाने पिवळी पडतात. पावसाळ्यात छपरावरून धरलेले पाणी या कामी उत्तम.

निगा. आरंभी पाणी पेल्याच्या तळास लागेल इतके भरावे. झाड पाणी पिते तसतशी पातळी उतरते व वरची मुळे हवेत राहून प्राणवायु घेतात. म्हणून पुन्हा भरताना डबा अर्ध्यावर भरू नये. सर्व मुळे बुडाली तर झाड पाण्यात असूनही कोमेजते. ऊन पाण्यात प्राणवायु कमी मावतो. यास्तव हा उद्योग ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात करावा, आणि ऊन वाढल्यास डब्यास ओले गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावा. झाकणास फट राहू देऊ नये, नाहीतर डासांची पैदास होईल. खते लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. उरलेले द्रावण विहिरीत वा गटारात न टाकता झाडांच्या आळ्यात ओतावे.

या डब्यात ज्वारी-तूर पिकणार नाही, व तो शेताची जागा घेणार नाही. परंतु त्याची खरी थोरवी अशी की यात घातलेले पाणी मोजता येते. विद्यार्थ्यांनी शेजारी मातीची एक कुंडी ठेवून तीतही तीच भाजी लावावी. दोहोंत किती लिटर पाणी घातले व किती ग्रॅम भाजी निघाली, याची वही ठेवावी, आणि पालकांनी दर आठवड्यास ती पाहावी. पाणी हे देवाचे दान आहे. आपण त्याचे मालक नव्हे, कारभारी आहोत. कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो, आणि तो देण्याची सवय एका लहानशा डब्यापासूनही लावून घेता येते.