जगण्याने आणि मरणाने देवाचे गौरव

जिज्ञासू : देवाचे गौरव करणे हे ख्रिस्ती जीवनाचे ध्येय मानतात. पण देव परिपूर्ण असेल, तर माणसाने केलेल्या गौरवाने त्याला काय मिळते?

अभ्यासक : देवाच्या मोठेपणात त्यामुळे काही भर पडत नाही. देव कसा आहे हे विश्वासणाऱ्याच्या वागण्यातून इतरांना दिसावे, हा गौरव करण्याचा अर्थ. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने बजावले की खाणेपिणेसुद्धा देवाच्या गौरवासाठी असावे. रोमच्या मंडळीला त्याने लिहिले की विश्वासणारा जगो वा मरो, तो प्रभूचाच असतो. फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिताना तर तो स्वतः कैदेत होता. पुढे सुटका आहे की देहदंड हे ठरलेले नव्हते. काहीही झाले तरी आपल्या देहाने ख्रिस्ताचा महिमा व्हावा, एवढीच त्याची इच्छा होती.

जिज्ञासू : जगण्याने गौरव करायचे म्हणजे प्रार्थना आणि उपासना करायची, असेच ना?

अभ्यासक : उपासना हे मूळ आहे, पण तिचा कस रोजच्या कामात लागतो. पंडिता रमाबाईंचे पाहा. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना अक्षरओळखीबरोबर विणकाम, शेती, छपाई अशी पोटापाण्याची कामे शिकवली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याचे काम रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी केले. कमी शिकलेल्या बाईलाही समजेल अशा मराठीत बायबल आणायचे म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्या भाषांतराची छपाईही मुक्तीतल्या स्त्रियांच्याच हातून झाली. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलत्या एका लेकीच्या मृत्यूनंतरही रमाबाईंनी भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्या याच कामात गुंतल्या होत्या.

जिज्ञासू : मरण मात्र माणसाच्या हातात नसते. मग त्याने देवाचे गौरव कसे होणार?

अभ्यासक : मरण केव्हा आणि कसे यावे हे हातात नसते, पण त्याला सामोरे कसे जायचे हे बऱ्याच अंशी असते. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या अध्यायात येशू आपला शिष्य पेत्र याला त्याच्या मरणाविषयी सूचना देतो. त्या मरणाने पेत्र देवाचे गौरव करील, असा खुलासा शुभवर्तमानकार करतो. याच पेत्राने पूर्वी भीतीपोटी येशूला तीनदा नाकारले होते. म्हणून ख्रिस्ती परंपरा असे धैर्य देवाची कृपा मानते. माणसाची फुशारकी मानत नाही.

जिज्ञासू : म्हणजे हुतात्मा होणे हाच सर्वांत श्रेष्ठ मार्ग ठरतो का?

अभ्यासक : हौतात्म्याचा मान फार मोठा आहे, पण ते ओढवून घ्यायचे नसते. दुसऱ्या शतकातल्या स्मुर्णाच्या मंडळीने आपल्या वृद्ध बिशपाच्या, पॉलिकार्पच्या, मृत्यूची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यात क्विंटस नावाचा एक जण येतो. तो आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे गेला आणि श्वापदे पाहताच त्याचा धीर सुटला. असे आपणहून पुढे होणे सुवार्तेला धरून नाही, असे मंडळीने स्पष्ट नोंदवले. पॉलिकार्प मात्र इतरांच्या आग्रहावरून शहराबाहेर राहिला. पकडायला आलेल्या शिपायांना त्याने जेवू घालायला सांगितले आणि त्यांच्याकडून प्रार्थनेपुरता वेळ मागून घेतला. ख्रिस्ताची निंदा केलीस तर सोडतो, असे सुभेदाराने सांगितले. ज्याची शहाऐंशी वर्षे सेवा केली त्या राजाची निंदा करायला त्याने नकार दिला. मरताना त्याच्या मनात पकडणाऱ्यांविषयी द्वेष नव्हता, म्हणून हे मरण साक्ष ठरले.

जिज्ञासू : महाराष्ट्राशी नाते असलेला असा कोणी हुतात्मा आहे?

अभ्यासक : वसईचे संत गोन्सालो गार्सिया. त्यांचा जन्म सोळाव्या शतकात वसईला झाला. जपानमध्ये त्यांनी आधी धर्मशिक्षकाचे काम केले, मग व्यापार केला. पुढे मनिलाला ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि १५९३ मध्ये दुभाषी म्हणून जपानला परतले. क्योतोत या संघाने कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून पकडलेल्यांना क्योतोहून नागासाकीला नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथे सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी ठार केले. त्यांत वीस जपानी होते. १८६२ मध्ये गोन्सालो संतपदी घोषित झाले. त्यांचे मरण त्या सेवेला जोडूनच आले, तिच्यापासून वेगळे काढता येत नाही.

जिज्ञासू : बहुतेक माणसे आजाराने किंवा वार्धक्याने जातात. त्यांचे काय?

अभ्यासक : जगो वा मरो, विश्वासणारा प्रभूचाच असतो, हे पौलाचे म्हणणे त्यांनाही लागू आहे. जीवन ही देवाची ठेव आहे, म्हणून मुद्दाम मरण घडवून आणणे कॅथलिक चर्चला मान्य नाही. पण निष्फळ आणि फार जाचक ठरणारे उपचार थांबवण्याची मोकळीक ते देते. आजारी माणूस झालेल्या चुकांची क्षमा मागतो, इतरांना क्षमा करतो, प्रभुभोजन घेतो, घरच्यांचा निरोप घेतो. त्याच्या वेदना कमी करणे, त्याला एकटे न सोडणे ही सोबत्यांची उपासना होते. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन याच कामाला वाहिलेले आहे. बरे होण्याची आशा संपलेल्या कर्करुग्णांची तिथे काळजी घेतली जाते.

जिज्ञासू : पुनरुत्थानावर विश्वास असेल, तर शोक करणे हा अविश्वास ठरतो का?

अभ्यासक : नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशूही रडला. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने शोक करण्याची मनाई केली नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढे सांगितले. म्हणून दफनविधीत मृताबद्दल देवाचे आभार मानतात, देह आदराने मातीत ठेवतात आणि पुनरुत्थानाची आशा उच्चारतात. मागे राहिलेल्यांना आधार देणे, मृताचे अपुरे राहिलेले चांगले काम पुढे नेणे, यानेही देवाचे गौरव होते.