खलपात्राची घडण : रंगभूमीवर आणि भूमिका-खेळात

गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधील घनश्याम आठवा. लतिकेने केलेल्या अपमानाचा सल त्याच्या कारस्थानांच्या मुळाशी आहे. मात्र त्याचे प्रत्येक वाक्य नाटककाराने आधीच लिहून ठेवले आहे. 1974 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, मेजाभोवती बसून खेळावयाच्या अद्भुतरम्य भूमिका-खेळात ही सोय नसते. नायक खेळाडूंच्या हाती, खलपात्र सूत्रधाराच्या मुखी. खेळाडू काय विचारतील, हे त्यालाही ठाऊक नसते. म्हणून येथे संवाद नव्हे, खलपात्राची गरज लिहावी लागते.

समजा, कथास्थळ मनोरजवळचा अशेरीगड आहे. वेढ्यात ज्याचा मुलगा उपासमारीने गेला, असा एक काल्पनिक किल्लेदार पायथ्याच्या गावांचे भात कोठारात कोंडतो आहे. धमकी, सौदा, चोरी यांपैकी काहीही झाले, तरी त्याचे उत्तर त्या भुकेतूनच निघेल. खेळाडूंनी पहिल्याच भेटीत त्याला नमविले, तर नमू द्यावे. लाडक्या खलपात्राला वाचविण्यासाठी फाशांचे दान लपविणारा सूत्रधार खेळाडूंचे स्वातंत्र्यच हिरावून घेतो.

स्वाध्याय : एखाद्या खेळाडूने भात न मागता किल्लेदाराला त्याच्या मुलाचे नाव विचारले, तर तो काय करील? पाच-सहा वाक्यांत लिहा.